न झाडलेली ढाबळ

शर्यतीची कबुतरं पाळणाऱ्या इंग्रज आणि बेल्जियन माणसांत दोन पंथ आहेत, आणि एका पंथाची ढाबळ दुसऱ्याला बघवत नाही. पहिल्या पंथातला माणूस रोज सकाळी पत्र्याची पट्टी घेऊन फळी न फळी खरवडतो. विष्ठेचा एक ठिपका राहिला तरी त्याला चैन पडत नाही. दुसऱ्या पंथातला माणूस उन्हाळा सरता सरता जमिनीवर वीतभर गव्हाचं काड पसरतो आणि पुढे वर्षभर ते बाहेर काढतच नाही. कबुतरं वरून शिटत राहतात, काड दबत जातं, हा वरून आणखी थोडं काड टाकतो. झाडू नाही, पाणी नाही, फिनेल तर नाहीच.

हे वर्णन ऐकून आपल्यासारख्याच्या अंगावर काटा येतो. पण अशी ढाबळ नीट राखलेली असेल, तर दार उघडल्यावर वाळल्या गवताचा जरासा धुळकट वास येतो, एवढंच. नाकाला झोंबणारं काही नाही. मूठभर काड उचललं तर हाताला ओल लागत नाही.

आता थोडा हिशेब करू. एक कबुतर वर्षाला दहा-बारा किलो विष्ठा टाकतं असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. पन्नास कबुतरांची ढाबळ म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त. ताज्या विष्ठेत निम्म्याहून बराच अधिक भाग पाण्याचा असतो. म्हणजे निदान तीनशे लिटर पाणी वर्षभरात त्या काडावर पडलं. कुणी ते उपसलं नाही, कुणी पुसलं नाही. मग ते गेलं कुठे?

उत्तराची सुरुवात काडापासून होत नाही, कबुतराच्या मूत्रपिंडापासून होते. अन्नातली प्रथिनं वापरून झाली की नायट्रोजनचा कचरा उरतो. तो शरीरात साचला तर विष. आपण सस्तन प्राणी त्याचा युरिया करतो. युरिया पाण्यात इतका विरघळतो की २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात किलोभराहून जास्त मावतो. त्यामुळे तो बाहेर टाकायचा तर सोबत भरपूर पाणीही टाकावं लागतं. पक्षी त्याच कचऱ्याचं युरिक आम्ल बनवतात, आणि ते लिटरभर पाण्यात जेमतेम ६० मिलिग्रॅम विरघळतं. जवळजवळ नाहीच. जे विरघळत नाही ते बाहेर ढकलायला पाण्याचा लोंढा लागत नाही, पांढऱ्या लगद्याच्या रूपात ते तसंच टाकता येतं. कबुतराच्या विष्ठेवर जी पांढरी टोपी दिसते, ती त्याची लघवी. दोन्ही गोष्टी एकाच वाटेनं, एकाच वेळी बाहेर पडतात.

ही सोय ढाबळीसाठी झालेली नाही, अंड्यासाठी झाली असावी असं जोसेफ नीडहॅम या इंग्रज जीवरसायनशास्त्रज्ञानं सुचवलं होतं. कवचात कोंडलेल्या गर्भाला कचरा टाकायला बाहेर जागा नसते. युरिया केला असता तर तो त्याच पाण्यात विरघळून गर्भाला भोवला असता. युरिक आम्लाचे कण एका पिशवीत गुपचूप पडून राहतात. अंड्यातल्या त्या काटकसरीमुळे निरोगी कबुतराची विष्ठा जमिनीवर पडते तीच अर्धी घट्ट, छोट्या गोळीसारखी. कोरड्या काडावर पडलेली गोळी काही तासांत वरून कडक होते. गाईगुरांच्या गोठ्यात हा प्रयोग इतका सोपा का नाही, हे यावरून कळतं.

आता काड. गव्हाचं कोरडं काड आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त पाणी धरू शकतं, म्हणून लोकांना वाटतं की या काडाच्या गादीचं काम पाणी शोषून ठेवण्याचं. तसं असतं तर काही आठवड्यांतच तिची धारणा संपली असती आणि वर्षभर चालण्याचा प्रश्नच आला नसता. गादीचं खरं काम पाणी पसरवण्याचं आहे. फळीवर पडलेला ओला गोळा फक्त वरच्या बाजूनं सुकतो. खालची बाजू फळीला चिकटून ओलीच राहते. काडावर पडलेला गोळा चहूबाजूंनी हवेत लोंबकळतो. त्यातली ओल नळीसारख्या पोकळ काड्यांत ओढली जाते, आजूबाजूला पसरते, आणि प्रत्येक काडीच्या पृष्ठभागावरून हवेत जाते. गोळा आक्रसतो, तडकतो, चुरा होऊन फटींतून खाली झिरपतो. वरचा थर पुन्हा मोकळा. एका चौरस मीटर जमिनीवर वीतभर काड अंथरलं की पाण्याला उडून जायला कितीतरी चौरस मीटर जागा मिळते.

ही युक्ती कबुतरवाल्यांनी कोंबडीवाल्यांकडून उचलली. आपल्याकडे कुक्कुटपालनात तिला गादी पद्धत म्हणतात, आणि महाराष्ट्रात ब्रॉयलरच्या शेडमध्ये भाताच्या तुसाची गादी सर्रास दिसते. तिचा शास्त्रीय अभ्यास १९४० च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो राज्यात झाला. तिथल्या कृषी प्रयोग केंद्रात डी. सी. केनर्ड आणि व्ही. डी. चेंबरलिन यांनी कोंबड्यांच्या पायाखालची जुनी गादी बदलायचीच नाही असं ठरवून पाहिलं. त्या काळच्या स्वच्छतेच्या कल्पनेनुसार पिल्लं मरायला हवी होती. झालं उलटं. ताज्या गादीवरच्या पिल्लांपेक्षा जुन्या गादीवरची पिल्लं जास्त जगली आणि जास्त वाढली, तीही प्राणिज प्रथिनं नसलेल्या अपुऱ्या खाद्यावर. जुन्या गादीत काहीतरी पोषक तयार होत होतं. १९४८ साली ब-१२ जीवनसत्त्व वेगळं काढता आलं आणि कोडं बरंचसं सुटलं. हे जीवनसत्त्व वनस्पतींना बनवता येत नाही, जिवाणूंना येतं. गादीतले जिवाणू ते बनवत होते आणि कोंबड्या ते टिपून खात होत्या.

कबुतरवाल्यांनी ही पद्धत उचलली खरी, पण उचलताना एक कामगार मागे राहिला. कोंबडी दिवसभर पायानं उकरते. दाणा असो वा नसो, तिला उकरल्याशिवाय करमत नाही, आणि त्या सवयीमुळे गादी सतत खालीवर होत राहते, हवा खालपर्यंत पोचते. कबुतर उकरत नाही. ते चोचीनं काडी इकडची तिकडे करतं, पायानं माती कधी उपसत नाही. शिवाय ते रात्रभर ठरलेल्या एकाच फळीवर बसतं, त्यामुळे सगळी विष्ठा फळ्यांखालच्या पट्ट्यात पडते आणि मधली जागा कोरी राहते. म्हणून कबुतरांच्या ढाबळीत कोंबडीचं काम माणसाला करावं लागतं: हातात दाताळं घ्यायचं, फळ्यांखालचं काड मध्ये ओढायचं, मधलं तिकडे लोटायचं, कुठे ढेप धरली असेल तर फोडायची. ‘काही न करण्याची पद्धत’ म्हणून जो हिच्याकडे येतो त्याची गादी पहिल्या हिवाळ्यातच चिखल होते. माझ्या मते खरवडणाऱ्यापेक्षा दाताळंवाल्याला जास्त लक्ष द्यावं लागतं, फक्त त्याचं लक्ष दिसत नाही.

गंमत म्हणजे कबुतराला स्वतःला जुन्या गादीचं वावडं नाही. पुष्कळ पक्षी पिल्लांची विष्ठा चोचीत धरून घरट्याबाहेर नेऊन टाकतात. कबुतर त्या भानगडीत पडत नाही. नर एकेक काडी आणून देतो, मादी ती अंगाखाली सारते, आणि पिल्लं घरट्याच्या काठावरच शिटतात. पुढच्या विणीला त्याच घरट्यावर नव्या काड्या पडतात. अशी जुनी घरटी विष्ठेनं सांधली जाऊन दगडी वाडग्यासारखी घट्ट होतात. गावातली कबुतरं ज्या पारव्यापासून आली तो कड्यांच्या कपारींत आणि गुहांत राहणारा. तिथे कोण झाडायला येणार?

पण सुकणं ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी नाकाची. युरिक आम्ल स्वतः वास मारत नाही. ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचे तुकडे करत करत युरियापर्यंत आणि मग अमोनियापर्यंत येतात. डोळ्यांना चुरचुरतो तो हा अमोनिया. हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग, ही माणसांनी दिवसभर काम करण्याच्या जागेसाठी अमेरिकेत सुचवलेली मर्यादा आहे, आणि कोंबड्यांच्या शेडसाठीही साधारण हाच आकडा वापरतात. त्याच्या वर गेलं की श्वासनलिकेतले कफ वर ढकलणारे बारीक केस मंदावतात. शेकडो किलोमीटर उडायचं असलेल्या पक्ष्याला हे परवडत नाही. बरं, रोज आत जाणाऱ्या माणसाचं नाक या वासाला सरावतं. म्हणून जाणते लोक वासाची परीक्षा पाहुण्याकडून करून घेतात.

कोरडं ठेवलं की अमोनिया बनण्याची क्रिया पहिल्याच पायरीवर अडते. थोडी ओल राहिलीच, तर दुसरी राखण असते ती कर्बाची. विष्ठेत कर्बाच्या मानानं नायट्रोजन फार; काडात उलट, नायट्रोजनच्या ऐंशीपट कर्ब. जिवाणूंना दोन्ही लागतात. भरपूर काड मिळालं की ते वाढतात, आणि वाढताना मोकळा नायट्रोजन स्वतःच्या शरीरात बांधून टाकतात. हवेत जायला फारसा उरत नाही. वास येऊ लागला की अनुभवी माणूस जुनं उपसण्याआधी नवं काड टाकून बघतो, ते याचमुळे. इथे चुन्याबद्दल एक शब्द. ओल दिसली की चुन्याची फक्की मारायची आपल्याकडे मोठी हौस. चुन्यानं गादी अल्कधर्मी होते, आणि अल्कधर्मी गादीतून अमोनिया जास्त सुटतो. म्हणजे वासावर उपाय म्हणून वासच वाढवला. केनर्डमंडळींनीही चुना वापरला होता, पण वासासाठी तरी मी त्याच्या वाटेला जाणार नाही.

काही जिवाणू अमोनिया पकडून त्याचं नायट्रेट करतात, आणि या शांत उद्योगावर एकेकाळी राज्यांची युद्धं अवलंबून होती. बंदुकीच्या दारूत सुमारे तीन चतुर्थांश भाग सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये तो मिळवायचा सोपा मार्ग म्हणजे गोठे, तबेले आणि कबुतरखाने यांच्या जमिनी खणणं. राजाच्या परवान्यानं फिरणारे सोरेवाले कुणाच्याही कबुतरखान्यात घुसून वर्षानुवर्षं विष्ठा मुरलेली माती उकरून नेत, ती धुऊन त्या पाण्यात राखेचा क्षार मिसळत आणि उकळून सोऱ्याचे खडे काढत. लोक इतके वैतागले की जमिनीला फरशी घालू लागले, माती नाही तर सोरेवालाही नाही. त्यावर १६२० च्या दशकात पहिल्या चार्ल्स राजाच्या सरकारनं कबुतरखान्यांना फरशी घालायलाच बंदी केली. जमीन मातीचीच हवी, म्हणजे सोरा ‘पिकेल’. पुढे ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं पाटण्याकडचा सोरा भरभरून नेऊ लागली आणि इंग्लंडमधल्या कबुतरांच्या मालकांची या जाचातून सुटका झाली.

आता काडच नसलेला कबुतरखाना बघू. इराणात इस्फहानजवळ कबुतरांचे मातीचे बुरूज अजून उभे आहेत. सतराव्या शतकात तिथे आलेला फ्रेंच प्रवासी शार्दां यानं शहराच्या आसपास असे तीन हजार बुरूज असल्याचा अंदाज लिहून ठेवला. आत हजारो कोनाडे, मधे पोकळी, आणि तळाला साठणारी विष्ठा. दार वर्षातून एकदा उघडायचं, खत काढायचं आणि टरबूज-खरबुजांच्या शेतांना घालायचं. ना काड, ना भुसा. तिथली वाळवंटी हवाच इतकी कोरडी की विष्ठा पडता पडता सुकते. म्हणजे ढाबळ खरी झाडते ती हवा, आणि काड तिचं काम सोपं करतं.

मग बेल्जियमसारख्या ओलसर, थंड देशात हवा हे काम कसं करते? बेल्जियमच्या कित्येक नामांकित ढाबळी घराच्या माळ्यावर, कौलांखाली आहेत. आरेंडोंक गावच्या यान्सेन बंधूंची तर जगप्रसिद्ध होती. कौलांच्या फटींतून हवा आत येते, पण झोत लागत नाही. हिवाळ्यातली हवा ५ अंशांवर आहे आणि दवानं पुरी भरलेली आहे असं धरू. तिच्या एका घनमीटरमध्ये ६.८ ग्रॅम पाण्याची वाफ असते, आणखी मावत नाही. ती ढाबळीत शिरते. कबुतराचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम. झोपलेलं कबुतरसुद्धा साधारण दोन वॉट उष्णता सोडतं, म्हणजे पन्नास कबुतरांची मिळून जुन्या शंभर वॉटच्या दिव्याइतकी शेगडी. त्या उबेनं हवा १० अंशांवर गेली की तिच्यात ९.४ ग्रॅम वाफ मावते. एका घनमीटरमागे २.६ ग्रॅम पाणी बाहेर न्यायची सोय झाली. पन्नास कबुतरांच्या विष्ठेतलं दिवसाचं लिटरभर पाणी न्यायला सुमारे चारशे घनमीटर हवा लागेल. दोन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि दोन मीटर उंच ढाबळीत तेवढी हवा यायची तर दिवसात पंचवीस वेळा, म्हणजे तासाला एकदा, आतली हवा बदलली की झालं. श्वासातली वाफ धरली तर याच्या दुप्पट-तिप्पट. तेवढं काम कौलांच्या फटी सहज करतात. तीनशे लिटर पाणी गेलं ते या वाटेनं, छपरातून.

छपराला कौलाऐवजी नुसता पत्रा असेल तर हाच हिशेब फसतो. रात्री पत्रा बाहेरच्या हवेहूनही थंड पडतो, वर चढलेली वाफ त्याला लागून थेंब होते आणि पुन्हा गादीवर टपकते. दिवसभर वर नेलेलं पाणी रात्री परत.

आता मुंबई-कोकणच्या पावसाळ्याचं काय? इथे आकडे आधी चकवतात. जुलैत २८ अंशांवर हवेच्या घनमीटरमध्ये २७ ग्रॅम वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के धरली तर २३ ग्रॅम आधीच आहे, म्हणजे ४ ग्रॅमची जागा शिल्लक. बेल्जियमच्या हिवाळ्यापेक्षा जास्तच! तरी आपल्याकडे गादी नासते. कारण लाकूड किंवा काड किती कोरडं होऊ शकेल हे हवेच्या आर्द्रतेवर ठरतं. ६५ टक्के आर्द्रतेत लाकडात १२ टक्के ओल राहते, ८० टक्क्यांत १६, ९० टक्क्यांत २०. म्हणजे एकही कबुतर आत न सोडता आपली गादी आधीच ओलीच्या अर्ध्या वाटेवर असते. गादीतली ओल २०-३० टक्क्यांत असावी लागते. ३५ च्या पुढे ढेपा धरतात. त्यात २८ अंशांची ऊब. बेल्जियमच्या थंडीत ओलं काड आठवडेच्या आठवडे थिजून पडतं. इथे दोन दिवसांत बुरशी. कबुतरांच्या आतड्यात रोग करणाऱ्या कॉक्सिडिया या परजीवींचे बीजाणू विष्ठेतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधक नसतात. ओल, ऊब आणि हवा मिळाली की साधारण दिवसा-दोन दिवसांत पिकतात आणि मग दुसऱ्या पक्ष्याला लागतात. कोरडी गादी त्यांना पिकू देत नाही. जुलैतली ओली गादी त्यांच्यासाठी तयार वाफा.

उलट टोकाला धूळ. गादी फार कोरडी झाली, १५ टक्क्यांच्या खाली गेली, की कबुतरांच्या प्रत्येक फडफडीसरशी विष्ठेची पूड हवेत उठते. त्यात कबुतराच्या पिसांवरची नैसर्गिक पांढरी भुकटी मिसळते. २०२५ साली दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून वाद पेटला तेव्हा मुंबईकरांनी या पुडीबद्दल भरपूर ऐकलं. कबुतर पाळणाऱ्यांच्या फुप्फुसांना या पुडीतल्या प्रथिनांमुळे येणारी सूज डॉक्टरांनी १९६५ मध्येच नोंदवली होती. १९५५ मध्ये एमन्स या अमेरिकन शास्त्रज्ञानं कबुतरांच्या घरट्यांत क्रिप्टोकॉकस बुरशी सापडल्याचं दाखवलं, तीही जुन्या सुक्या विष्ठेत मजेत राहते. तेव्हा दाताळं हातात घेताना तोंडाला चांगल्या प्रतीचा मास्क हवाच, आणि गादी काढायच्या दिवशी वरून पाण्याचा हलका फवारा. ज्याला आधीच दमा आहे त्यानं ही पद्धत वापरू नये असं मी स्पष्ट सांगेन.

खरवडणाऱ्या पंथाचा एक आक्षेप मात्र मला पटतो. ते म्हणतात, विष्ठा म्हणजे कबुतराचं रोजचं पत्र. गोळी बांधलेली, तपकिरी, पांढऱ्या टोपीची, वर एखादं बारीक पीस चिकटलेलं असलं तर पक्षी ठणठणीत. हिरवट पाणी दिसलं तर त्याच दिवशी शोध घ्यायचा. काडात हे पत्र हरवतं. त्यावर तोड म्हणून काही जण फक्त बसायच्या फळ्या रोज खरवडतात आणि जमिनीवर गादी ठेवतात. ही मिश्र रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

गादीची परीक्षा अगदी सोपी आहे. मूठभर काड-चुरा घट्ट दाबायचा आणि मूठ उघडायची. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त. हाताला काहीच न लागता पूड उडाली तर कोरड जास्त. किंचित चिकटून लगेच सुटलं तर बरोबर. काड गव्हाचं घ्यावं, जवाचं कुसळांमुळे टाळावं. रंधा मारताना निघणारी लाकडाची कुरळी साल चालते. करवतीचा बारीक भुसा डोळ्यांत आणि श्वासात जातो, तो नको. पाण्याचं भांडं जाळीवर, गादीपासून वर ठेवावं. कबुतर चोच बुडवून घोट ओढतं, त्यामुळे पिताना फार सांडत नाही, पण त्याला आंघोळीचा नाद भारी, म्हणून परात ठेवायची ती ढाबळीबाहेर. दाणा गव्हाणीतच द्यावा, गादीवर टाकू नये.

आपल्याकडच्या कोरड्या पट्ट्यात, म्हणजे सोलापूर-अहिल्यानगरकडे, ही गादी बहुतेक वर्षभर चालावी. किनाऱ्यावर मात्र पावसाळ्यात जमिनीपासून वर उचललेली जाळीची तळफळी घ्यावी, विष्ठा खाली पडू द्यावी आणि ती रोज काढावी. पाऊस पूर्ण सरला, हवा कोरडी झाली की दिवाळीच्या आसपास नवं काड अंथरायचं आणि मे संपायच्या आत सगळं उपसायचं. उपसलेलं झाडांना थेट घालू नये, मुळं भाजतात. खड्ड्यात काही महिने कुजू द्यावं. पक्षी निरोगी असतील, तर त्यातलं एक-दोन घमेली कोरडं, जुनं काड पोत्यात बांधून ठेवावं आणि पुढच्या दिवाळीला नव्या काडात विरजण म्हणून मिसळावं. जिवाणूंना बस्तान बसवायला मग कमी दिवस लागतात.